घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डिंग मशीन आणि बॅटरीवरची हत्यारं: पहिली खरेदी कशी करावी

दुकानात पाऊल टाकलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, "किती अँपिअरचं देऊ?" नवख्याला उत्तर माहीत नसतं, म्हणून खिशाला परवडेल तो सर्वांत मोठा आकडा तो मागतो. मी तेच केलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर २५० लिहिलेलं मशीन आणलं, शेडमधल्या साध्या सॉकेटला लावलं, जाड रॉड पकडला आणि पहिल्याच ठिणगीला अख्ख्या घराची वीज गेली. मशीन बिघडलेलं नव्हतं. माझी खरेदीच उलट्या क्रमाने झाली होती.

हा लेख त्या क्रमाविषयी आहे. घरामागे एखादी शेड, पार्किंगचा कोपरा किंवा तळमजल्यावरची रिकामी खोली असलेल्या, गेटची बिजागरी, कुंड्यांचा स्टँड, कामाचं टेबल, गोठ्याची जाळी स्वतः करू पाहणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत वेल्डिंगचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. ठिणग्या खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात.

पहिली पायरी: काय बनवायचं ते कागदावर लिहा

पुढच्या सहा महिन्यांत खरोखर करणार आहात अशी तीन-चार कामं लिहा आणि प्रत्येकापुढे लोखंडाची जाडी लिहा. घरच्या कामात बहुतेक वेळा २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, ३५ किंवा ४० चा अँगल आणि ५ मिमीची पट्टी एवढंच येतं. म्हणजे जाडी दीड ते पाच-सहा मिमी. या सगळ्याला अडीच मिमीचा रॉड (जोडावर जळत वितळणारी, आवरणवाली वेल्डिंगची कांडी) पुरतो आणि त्याला ६० ते ९० अँपिअर लागतात. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा नांगराचा फाळ हे वेगळं काम आहे. ते गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडेच न्या.

पाइप घेताना एक सांगतो. दुकानदार स्वस्त म्हणून १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिमीचा पाइप दाखवेल. शिकाऊ हाताला तो झेपत नाही, लगेच भोक पडतं. सुरुवातीला २ मिमीचा घ्या. २५ बाय २५ चा २ मिमी पाइप मीटरला साधारण १.४ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची पूर्ण लांबी साडेआठ किलोच्या आसपास. लोखंड किलोवर मिळतं, त्यामुळे काट्यावरच जाडी खरी की खोटी ते कळतं.

दुसरी पायरी: मशीनच्या आधी वीज

ही पायरी सगळे वगळतात, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबू.

रॉड जळत असताना त्याच्या टोकाशी साधारण २३-२४ व्होल्ट असतात. १०० अँपिअरवर काम केलं तर आर्कलाच, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या सलग ठिणगीलाच, २,४०० वॅट लागतात. त्यात मशीनमधली गळती आणि साध्या सिंगल फेज मशीनचा कमी पॉवर फॅक्टर धरला, की घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून १७-१८ अँपिअर ओढले जातात. ८० अँपिअरवर हाच आकडा १३-१४ वर येतो. खरेखुरे २०० अँपिअर काढायचे म्हटलं तर लाइनवर ४० च्या आसपास अँपिअर हवेत, आणि घरातलं सर्वांत मोठं सॉकेट असतं १६ अँपिअरचं. म्हणजे खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुमच्या घरात मिळणारं वेल्डिंग ८०-९० अँपिअरचंच आहे. अडीच मिमीच्या रॉडला तेवढंच लागतं, त्यामुळे यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आता वीजबिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' बघा. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर वाढवून घ्या. मग परवानाधारक वायरमनकडून मीटरच्या बोर्डापासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून घ्या: ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी, मेटलक्लॅड (धातूच्या डब्यातलं) प्लग-सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी 'सी' प्रकारचाच सांगा. मशीन चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतं आणि 'बी' प्रकारचा तेवढ्यावर पडतो. अर्थिंग मोजून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

एक्स्टेन्शन बोर्डाचं गणितही समजून घ्या. २५ मीटरच्या १ चौरस मिमी वायरीतून १५ अँपिअर नेले की १३-१४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि ती वायर गरम होते. ४ चौरस मिमीच्या वायरीत हीच घट साडेतीन व्होल्टच्या आसपास राहते. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून कधीही वेल्डिंग करू नका, आतली वेटोळी वितळतात. शेतीपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग करू नका, ती जोडणी त्या कामासाठी नसते. आकडा टाकून तर नाहीच नाही.

आणखी एक गोंधळ. आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटलं की लोडशेडिंगमध्ये पंखे चालवणारा, बॅटरीवाला डबा डोळ्यांपुढे येतो. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन. त्याचा त्या डब्याशी काही संबंध नाही, आणि त्या डब्यावर वेल्डिंग मशीन चालतही नाही. लाइन गेली की काम बंद.

तिसरी पायरी: कोणतं वेल्डिंग

दुकानात तीन नावं ऐकू येतील: आर्क, मिग आणि टिग.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं मशीन रॉडचं, म्हणजे आर्कचं इन्व्हर्टर मशीन असावं. ते पाच-सहा किलोचं, एका हातात उचलता येणारं असतं. रॉड तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. थोडा गंज, थोडा वारा ते चालवून घेतं. तेलाचं किंवा तांब्याच्या गुंडाळीचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर मोह आवरा. ते वर्षानुवर्षं टिकतं हे खरं, पण घरच्या लाइनला ते जड जातं आणि पातळ पाइपावर हात बसायला वेळ लागतो.

मिगमध्ये तार आपोआप पुढे येते, शिकणं सोपं जातं आणि पातळ पत्र्याला ते उत्तम. पण त्याला सीओटूचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बंद जागा लागते. उघड्या शेडमध्ये वाऱ्याने गॅस उडाला की टाक्यात, म्हणजे वेल्डच्या जोडात, भोकं राहतात. गॅसशिवायची फ्लक्सवाली तारही मिळते. ती वापरायची असेल तर मशीनमध्ये पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलायची सोय आहे का ते बघा, कारण त्या तारेला टॉर्च निगेटिव्हला लागतो. टिग स्टेनलेस स्टीलवर सुंदर चालतं, पण आर्गॉन आणि भरपूर सराव मागतं. 'थ्री इन वन' मशीन पहिल्या खरेदीत घेऊ नका. एक बिघडलं की तिन्ही बंद.

आता आर्क मशीन निवडताना काय बघायचं ते सांगतो. खोक्यावरचा आकडा सोडून मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे ड्यूटी सायकल दिलेली असते, आणि ती दहा मिनिटांच्या हिशेबाने असते. '६०% – १२० अँपिअर' म्हणजे १२० अँपिअरवर दहातली सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. ज्या मशीनवर ही ओळच नाही, ते मी घेत नाही. '१००%' पुढचा आकडा ८० च्या वर असला की घरच्या कामाला मशीन पुरेसं आहे.

इनपुट व्होल्टेजची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन तिथे कामाला येतं. हॉट स्टार्ट (रॉड पेटवताना क्षणभर जास्त करंट) आणि अँटी-स्टिक या सोयी नवशिक्याला खरोखर मदत करतात. रॉड चिकटला की मशीन करंट पाडतं आणि रॉड सुटतो. व्हीआरडी असलं तर आणखी बरं. रॉड पेटलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. पावसाळ्यात घामट अंग, ओले हातमोजे आणि ओली जमीन असताना एवढे व्होल्ट धोक्याचे ठरतात. व्हीआरडी ते खूप खाली आणतं.

शेवटी केबल आणि अर्थ क्लॅम्प हातात घेऊन बघा. बारीक, कडक केबल आणि पत्र्याचा हलका चिमटा दिसला तर दोन्ही बदलून घ्यायची तयारी ठेवा. निम्म्या वेळा टाका नीट न बसण्याचं कारण अर्थ क्लॅम्पच असतो. रंगावर किंवा गंजावर तो लावला की आर्क तडतडतो. जागा घासून पांढरी करा आणि मगच लावा.

शक्य असेल तर दुकानातच एक रॉड जाळून बघा. मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याची बोहरी आळी अशा ठिकाणी दुकानांची रांगच असते. एकाने नाही म्हटलं तर शेजारच्याला विचारा. पक्कं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का ते बिल करण्याआधी फोन करून खात्री करा.

रॉडविषयी

दुकानात रॉड गेजच्या नंबरावर मागतात. १२ नंबर म्हणजे अडीच मिमी, १० नंबर म्हणजे ३.१५, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नंबर जसा लहान, तसा रॉड जाड. तुम्ही १२ नंबरचं '६०१३' वर्गाचं पाकीट घ्या. पाकिटावर आयएस ८१४ लिहिलेलं आहे का ते बघा. आवरणवाल्या रॉडचं ते भारतीय मानक आहे. ७०१८ वर्गाचा रॉड मजबूत असतो, पण पेटवायला अवघड आणि दमट हवेत लगेच खराब होणारा. त्याला भट्टीत तापवून कोरडा करावा लागतो. पहिलं वर्षभर त्याची गरज पडत नाही.

६०१३ सुद्धा कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर उघडा ठेवलात तर आवरण ओलं होतं, आर्क फुटतो आणि टाक्यात छिद्रं पडतात. घट्ट झाकणाचा डबा किंवा दोन्ही टोकं बंद केलेला पीव्हीसी पाइप हा चांगला उपाय आहे. ओलावलेले रॉड १०० अंशांच्या आसपास तासभर तापवून वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नकोत.

चौथी पायरी: आधी डोळे, मग बाकी सगळं

खर्चाला दहा रुपये असतील तर त्यातले दोन-अडीच इथे बाजूला काढा.

अंधार करणारी ऑटो-डार्कनिंग हेल्मेट घ्या, काचेच्या काळेपणाचा नंबर ९ ते १३ बदलता येणारी. अडीचच्या रॉडला १० किंवा ११ नंबर ठीक. हातात धरायची काळी काच स्वस्त पडते, पण तिने एक हात अडकतो आणि नवशिका काच बाजूला सारून 'जरा बघतो' म्हणत रॉड टेकवतो. तेवढ्यानेही डोळे भाजतात. त्याचा त्रास लगेच होत नाही. रात्री झोपेत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. आपल्याकडे मग बटाट्याच्या चकत्या, दूध, कोणाच्या घरातले जुने थेंब असे उपाय सुरू होतात. यातलं काहीही डोळ्यांत घालू नका, डॉक्टरकडे जा. आणि वेल्डिंग सुरू असताना दारात मुलं उभी राहतात. त्यांना आत पाठवा किंवा मध्ये जाड पडदा लावा.

मनगटाच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट. चप्पल नाही, नायलॉन-टेरिकॉट नाही. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटात खोचू नका, ठिणगी आत शिरते. शेडमध्ये कडबा, भुसा, रंगाचे डबे असतील तर ते आधी हलवा, वाळूची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाने परत एक चक्कर मारा.

जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पांढरा पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर जस्ताचा असतो. तो श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून काम करा. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नका.

पाचवी पायरी: वायरचं की बॅटरीचं

बॅटरीची हत्यारं बघितली की सगळंच बॅटरीवर घ्यावंसं वाटतं. इथेही हिशेब करा. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२ वॅट-अवर असतात. ८०० वॅटचा चार इंची ग्राइंडर पूर्ण जोराने चालवला तर ती साडेपाच मिनिटांत रिकामी होईल. पाइप कापणं, टाका घासणं ही तासन् तास चालणारी कामं आहेत. म्हणून ग्राइंडर वायरचाच घ्या. ड्रिल मात्र बॅटरीचं घ्या. भोक पाडणं, स्क्रू आवळणं हे थांबून थांबून होणारं काम आहे आणि ते शिडीवर, गेटपाशी, गच्चीवर, कुठेही निघतं.

ग्राइंडरविषयी मी गंभीर आहे, कारण घरच्या वर्कशॉपमधलं सर्वांत धोक्याचं हत्यार माझ्या मते वेल्डिंग मशीन नव्हे, ग्राइंडर आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेऱ्या मारतो. त्याचं गार्ड काढून पाच इंची डिस्क लावायची खोड आपल्याकडे सर्रास दिसते. चार इंची कटिंग व्हीलवर साधारण १५,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. व्हील जितकं मोठं, तितकी ही मर्यादा खाली येते. गार्ड काढू नका. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावू नका, ते अडकलं की हत्यार हातातून उसळून अंगावर येतं. व्हीलवर छापलेली मुदत बघा. चिकटवणारं रेझिन जुनं झालं की चाक फुटतं. बोटं उचलताच बंद होणारा पॅडल स्विच मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. आणि हेल्मेटखाली साधा पारदर्शक गॉगल कायम असू द्या.

बॅटरीचा आकडा कसा वाचायचा

वेल्डिंग मशीनवर जसा अँपिअरचा, तसा इथे व्होल्टचा आकडा फुगवलेला असतो. लिथियम-आयनचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. पाच सेल ओळीत जोडले की १८ व्होल्ट, आणि चार्जरवरून काढताक्षणी २१. म्हणजे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' ही तिन्ही एकाच बॅटरीची नावं आहेत. बाजारात त्याच आकाराच्या बॅटरीवर ४८, ८८, शंभरच्याही वरचे आकडे छापलेले दिसतील. तिथे आत किती सेल आहेत ते विचारा. पाच असतील तर ते १८ व्होल्टच आहे. तीन सेलचं १२ व्होल्टचं ड्रिल छोटं, हलकं आणि घरातल्या कामाला छान असतं, पण लोखंडाला १८ चं घ्या.

खरी निवड ड्रिलची नसते, बॅटरीच्या कुटुंबाची असते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्यारात बसत नाही आणि कित्येकदा एकाच कंपनीतही दोन घरं असतात. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या हत्यारांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांत चालत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची आणि ४० व्होल्टची मालिकाही वेगळी. म्हणून ड्रिल घेतानाच विचारा की याच बॅटरीवर पुढे इम्पॅक्ट ड्रायव्हर, छोटी करवत, ब्लोअर मिळेल का, आणि सुटी बॅटरी तुमच्या गावात कितीला मिळते. सुट्या बॅटरीची किंमत ऐकल्यावर बरेच निर्णय आपोआप बदलतात.

पहिल्या ड्रिलमध्ये दोन गिअर हवेत. लोखंडाला सावकाश गती लागते. ६ मिमीच्या भोकाला मिनिटाला हजार-तेराशे फेऱ्या पुरे, १० मिमीला आठशेच्या आत. आधी पंचने खूण, मग ३-४ मिमीचं भोक, थेंबभर तेल, मग मोठं बिट. ड्रिल करताना सैल हातमोजे घालू नका. ब्रशलेस मोटर जास्त टिकते आणि बॅटरी जास्त पुरते, त्यामुळे किमतीत फार फरक नसेल तर तीच घ्या. विटेच्या भिंतीला हॅमर मोड चालतो. स्लॅबला आणि बीमला नाही. त्याला एसडीएसचं रोटरी हॅमर लागतं, ते वर्षातून दोनदाच लागत असेल तर भाड्याने आणा.

विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका. तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही आणि उन्हाने तिचं आयुष्यही घटतं. काम झालं की घरात आणा. बराच काळ वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून ठेवा.

कोणत्या क्रमाने घ्यायचं

लाइन आणि अर्थिंग. मग हेल्मेट, हातमोजे, गॉगल. मग चार इंची ग्राइंडर, कटिंग व्हील आणि फ्लॅप डिस्क (घासायची चकती). मग आर्क मशीन, १२ नंबरचं एक पाकीट, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या आणि निदान चार क्लॅम्प. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. दोन महिने काम करून झाल्यावर ड्रिल घ्या, तोवर तुम्हाला नेमकं काय हवं ते कळलेलं असेल.

पहिला आठवडा

लगेच स्टँड बनवायला घेऊ नका. भंगारातून ५ मिमीची पट्टी आणा, ती पांढरी होईपर्यंत घासा आणि ८० अँपिअरवर नुसत्या सरळ रेघा ओढा. रॉड पुढच्या दिशेला थोडा कलता, टोक धातूपासून रॉडच्या जाडीएवढंच दूर. खरपूस तळल्यासारखा सलग आवाज आला पाहिजे. रॉड सारखा चिकटत असेल तर ५ अँपिअर वाढवा. कडेला खळगे पडत असतील तर कमी करा. जमत नसेल तर जवळच्या आयटीआयमधल्या वेल्डरच्या निदेशकांना भेटा. एक वर्षाचा हा अभ्यासक्रम रोज शिकवणारा माणूस तुमची चूक पाहताक्षणी सांगतो.

मग दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने टाका मारा, थंड होऊ द्या, पक्कडीत धरा आणि टाक्याच्या दिशेने हातोडीने पाडा. टाका पट्टीवरून पापुद्र्यासारखा निघून आला आणि खालची पट्टी गुळगुळीत दिसली, तर लोखंड वितळलंच नव्हतं, नुसतं वर चिकटलं होतं. तुटलेल्या जागी काळ्या रेघा दिसल्या तर स्लॅग (रॉडच्या आवरणाची जळून उरलेली मळी) आत अडकला आहे. पट्टी वाकली आणि टाका धरून राहिला, तर तो टाका खरा.

असे दहा तुकडे लागोपाठ धरून राहिले की कुंड्यांचा स्टँड करा, टेबल करा, गेटची बिजागरी लावा. झोपाळ्याची कडी, गच्चीचा जिना आणि पाण्याच्या टाकीचा स्टँड मात्र अजून अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन होतं, आणि तिच्या सावलीत घरातलं कोणीतरी बसलेलं असतं.